शेवटच्या डावाचा पिचर

हायडेलबर्गला आल्यावर पहिली दोन वर्षं माझे शनिवार नुसतेच निघून जायचे. आठवडाभर लुडविग्सहाफेनच्या एका कारखान्यात पंप आणि व्हॉल्व्ह बघायचे, शनिवारी बाजार, धुणं, आणि दुपारी खिडकीशी बसून चहा. एकदा कॅन्टीनमध्ये बोलता बोलता मी म्हणालो की कॉलेजात असताना मी तीन वर्षं क्रिकेट टीमचा स्कोअर लिहायचो. समोरचा जर्मन सहकारी जेवता जेवता थांबला. तो आमच्या भागातल्या एका बेसबॉल क्लबचा सेक्रेटरी होता आणि त्याच्या क्लबला स्कोअरर मिळत नव्हता.

"मला बेसबॉलमधलं काही कळत नाही," मी म्हणालो.

"पेन्सिल धरता येते ना? आल्झो, झालं तर मग, बाकीचं आम्ही शिकवतो."

इथे अमेरिकन सैन्य कित्येक वर्षं राहून गेलं. त्यांच्या मागे काही रिकाम्या इमारती राहिल्या आणि हा खेळ राहिला. मी दोन शनिवार-रविवार कोर्स केला, जर्मनमधून परीक्षा दिली, आणि होमप्लेटच्या, म्हणजे बॅट्समन उभा राहतो त्या जागेच्या, मागच्या जाळीआड, एका लाकडी टेबलाशी माझी जागा ठरली. बायको हसायची. म्हणायची, "क्रिकेट सोडलंस आणि कारकुनी धरलीस." पण मला ते काम आवडत होतं. समोर जे घडलं ते चौकोनात लिहायचं. आपलं मत फक्त एकाच ठिकाणी विचारतात. बॉल फील्डरकडून सुटला, तर तो फटकाच तसा होता की फील्डरची चूक झाली, हे स्कोअररने ठरवायचं. फटका म्हटलं तर 'हिट', चूक म्हटलं तर 'एरर'. निर्णय एका क्षणात द्यायचा, आणि कागद लीगला गेला की तो माणसाच्या नावावर कायमचा राहतो.

माझ्या दुसऱ्या मोसमात तो आला. उंच, जरा वाकलेला अमेरिकन, वय पस्तिशीच्या आसपास. जर्मन मुलीशी लग्न करून इथे राहायला आला होता. त्याआधीची दहा-अकरा वर्षं तो अमेरिकेत धंदेवाईक बेसबॉल खेळला होता, पण छोट्या गावांच्या खालच्या लीगमध्ये. तो रिलीव्हर होता. सुरुवातीचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, दमला किंवा फटके खायला लागला की त्याच्या जागी ज्याला आणतात तो रिलीव्हर. हा तर अगदी शेवटचा. नववा, म्हणजे शेवटचा, डाव आला आणि आपण एखाद्या रनने पुढे असलो तरच त्याला बोलावायचे. पंधरा-वीस बॉल टाकायचे आणि घरी जायचं.

पहिल्या मॅचला आमच्या माईकवाल्याने त्याची ओळख करून दिली, 'अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये खेळलेला' अशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅच संपल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. आम्ही दोघेही इंग्रजी आणि मोडकं जर्मन मिसळून बोलायचो.

"स्कोअर तू लिहितोस?"

"हो."

"मग माईकवाल्याला एक सांग. मी त्या लीगमध्ये खेळलेलो नाही. नऊ दिवस तिथल्या एका टीमबरोबर होतो. एकही बॉल टाकला नाही."

"पण टीममध्ये होतास ना?"

"होतो. खेळलो नाही. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मी निरोप दिला. पुढच्या शनिवारी माईकवाला पुन्हा तेच बोलला. तो पुन्हा माझ्याकडे आला आणि तेच वाक्य त्याच स्वरात बोलला. तिसऱ्या वेळी सेक्रेटरी मध्ये पडला. "अरे, लोकांना ऐकायला बरं वाटतं."

"मला वाटत नाही," तो म्हणाला. त्यानंतर नुसतं नाव घ्यायला लागले.

मोसमभर मी त्याला लांबून बघत होतो. मैदानाच्या डाव्या कडेला कुंपणापाशी एक बाक होता, तिथे राखीव पिचर बसत. बाकीचे गप्पा मारायचे, मोबाईल बघायचे. हा सहा डाव गुडघ्यांवर कोपरं टेकून बॅट्समन बघत बसायचा. सातव्या डावात उठून खांदा फिरवायला लागायचा. मैदानात येताना धावत येत नसे, चालत यायचा. मॅच जिंकली तरी उड्या मारल्या नाहीत, हरली तर हातमोजा आपटला नाही. शेवटी सगळे बिअर प्यायला क्लबाच्या खोलीत गेले की तो दाताळं घेऊन पिचरच्या उंचवट्याची माती सारखी करायचा. ते काम क्लबाच्या माळ्याचं होतं. मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणाला, "खड्डे मी पाडलेत."

पोट भरायला तो दुसरं काम शिकत होता. कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये त्याची आउसबिल्डुंग, म्हणजे तीन वर्षांची उमेदवारी, चालू होती. व्यवसायशाळेत त्याच्या बाकावर सतरा-अठराची पोरं असायची. मांडीच्या मापाचा प्लास्टरचा साचा ओला असताना किती वेळ हातात धरायचा, कुठे अंगठा दाबायचा, हे तो मला हातवारे करून सांगायचा. तेवढं एकच बोलताना त्याचा आवाज चढायचा.

त्याच मोसमात, ऑगस्टमधल्या एका शनिवारी, दुपारी सातवा डाव चालू असताना माझ्या खिशात फोन थरथरला. काढून पाहिला. पुण्याहून बहीण. मी तो परत खिशात ठेवला. डाव चालू असताना स्कोअररने मान खाली घातली की एखादा बॉल निसटतो. पुन्हा थरथरला. मी म्हटलं, हा डाव होऊ दे. डाव झाला, मग म्हटलं, आता थोडंच राहिलंय. मॅच संपवून, कागदावर सही करून मी फोन केला, तोपर्यंत तिचे पाच फोन येऊन गेले होते. बाबांना पक्षाघाताचा झटका आला होता. ते अतिदक्षता विभागात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान मिळालं. फ्रँकफर्टपर्यंत जायचं कसं ह्याची आम्ही चर्चा करत होतो, रेल्वेचं रुळांचं काम निघालेलं होतं, तेवढ्यात त्याचा मेसेज आला. सेक्रेटरीकडून त्याला कळलं होतं. 'सातला खाली ये. गाडी आणतो.'

हायवेला लागलो. मग मी त्याला फोनची हकीकत सांगितली. कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. मला वाटलं तो म्हणेल, अरे, तासाभराने काय फरक पडणार होता. बाकी कुणीही तेच म्हणालं असतं.

तो म्हणाला, "मग हे आता तुझ्याजवळ राहणार."

मला राग आला नाही. उलट छातीवरचं काहीतरी जरा हललं.

मग बऱ्याच वेळाने तो स्वतःहून त्या नऊ दिवसांबद्दल बोलला. मोठ्या टीमच्या एका पिचरचा खांदा दुखावला म्हणून ह्याला वर बोलावलं होतं. ह्याचे वडील दुधाचा टँकर चालवायचे. त्यांनी रजा काढली, दोन दिवस गाडी चालवत आले आणि लागोपाठ तीन मॅच बघायला बसले. तिन्ही मॅचना ह्याला तयार व्हायला सांगितलं. हा बॉल टाकून अंग गरम करायचा, आणि मग बोलावणं दुसऱ्यालाच यायचं. तिसऱ्या दिवशी वडिलांची रजा संपली.

"दाराशी उभे होते," तो म्हणाला. "मला म्हणाले, तुला युनिफॉर्म छान दिसतो. मग गाडीत बसून गेले. चार दिवसांनी मला खाली पाठवलं. पुढच्या हिवाळ्यात ते वारले."

"त्यांनी तुला तिथे खेळताना पाहिलं नाही," मी म्हणालो.

"खेळलोच नाही, तर पाहणार काय?"

विमानतळावर बॅग काढून देताना तो म्हणाला, "तिथे तुला काही करता येणार नाही. तरी बसून राहा. त्यांना दिसेल असा बस."

पुण्यात हॉस्पिटलमध्ये पोचलो तर आई बाबांच्या कानाशी वाकून म्हणाली, "अहो, बघा कोण आलंय." त्यांनी डोळे उघडले. उजवी बाजू गेली होती. डावा हात त्यांनी चादरीवर थोडा सरकवला. मी बारा दिवस त्यांच्या समोर, त्यांना दिसेल असा, खुर्ची टाकून बसलो. त्यांना बोलता येत नव्हतं, पण तेराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले की घरी न्यायला हरकत नाही. घरी आणलं, पलंग लावला, नर्स ठरवली. रजा संपत आली होती. बहीण म्हणाली, "तू जा रे, मी आहे."

मी परत आलो, आणि पाचव्या दिवशी ते गेले. पुन्हा विमान पकडून पोचलो तोवर बहिणीने अग्नी दिला होता.  आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ह्यांना तू आलास ते कळलं होतं." त्यावर मी आजपर्यंत तरलो आहे.

दिवस करून हायडेलबर्गला आलो. ऑफिसात सगळ्यांनी हात हातात घेऊन सहानुभूती दाखवली, एक कार्डही आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मीटिंगा सुरू झाल्या. रविवारी तो आमच्याकडे आला. बूट दाराशी काढले, सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "वडील कसे होते?"

इथे असं कुणी विचारलं नव्हतं. मी बोलत राहिलो. बाबा टेलिफोन खात्यात होते, पावसात खांबावर चढायचे, घरी आल्यावर हाताला ग्रीस आणि तोंडात बडीशेप. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच. ती कोपऱ्यातून एकदम जर्मनमध्ये म्हणाली, "आजोबा व्हिडिओ कॉलवर रिसीव्हर उलटा धरायचे, मी हसावं म्हणून." जुना, तार तुटलेला रिसीव्हर. मला हे माहीत नव्हतं. माझी बायको उठून आत गेली. तो मुलीकडे वळला आणि त्याने तिला विचारलं, "मग तू काय म्हणायचीस?" ती दोघं मोडक्या आणि न मोडक्या जर्मनमध्ये बराच वेळ बाबांबद्दल बोलत होती, आणि मी ऐकत होतो.

पुढचा मोसम त्याचा शेवटचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. कोपर सुजायचं. मॅचनंतर तो बर्फाची पिशवी बांधून माती सारखी करायचा, डाव्या हाताने. पण मैदानात तो कधी नव्हता इतका चांगला खेळत होता. वेग गेला होता, म्हणून आता तो बॉल हवा तिथे, इंचभरही न चुकता टाकायचा. बेसबॉलमध्ये रन दोन प्रकारचे असतात. पिचरच्या बॉलवर निघालेला रन पिचरच्या नावावर लागतो. फील्डरच्या एररमुळे निघालेला लागत नाही. त्या मोसमात शेवटच्या मॅचपर्यंत त्याच्या नावावर एकही रन नव्हता. तो ते कधी बोलला नाही. पण कागद माझ्याकडेच होते, आणि मी दर आठवड्याला ती रिकामी जागा बघायचो.

शेवटची मॅच आमच्या मैदानावर होती. आम्ही एका रनने पुढे. नववा डाव. तो चालत आला. पहिला बाद, दुसऱ्याने सरळ फटका मारून बेस गाठला, तिसरा बाद, चौथ्याला त्याने चार बॉल बाहेर टाकून फुकट बेस दिला. मग त्या दोघांनी पुढचा एकेक बेस चोरला, म्हणजे पिचर बॉल टाकत असतानाच धावून गाठला. आणखी एक बाद झाला की संपलं. पुढच्या बॅट्समनने बॉल जोरात जमिनीवरून मारला, सरळ आमच्या शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फील्डरकडे.

हा शॉर्टस्टॉप शहराच्या बसचा ड्रायव्हर, चाळिशीला टेकलेला, लहानपणापासून ह्याच फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात, वाढलेला. बॉल त्याच्या पुढ्यात एक टप्पा पडून वाकडा उसळला, त्याच्या हातमोज्याच्या टोकाला लागला आणि मागे गवतात गेला. बेसवरचे दोघेही धावत घरी पोचले, दोन रन निघाले. आमच्या पाळीत आम्हाला एकही काढता आला नाही. मॅच गेली.

पण बॉल गवतात गेला त्याच क्षणी माझं काम आलं होतं. बॉल उसळला होता, हे मी पाहिलं होतं. एरवी मी डोळे मिटून हिट लिहिलं असतं. माझी पेन्सिल कागदावर थांबली. मला फ्रँकफर्टचा रस्ता आठवला, आमच्या घरातला सोफा आठवला. मी एरर लिहिलं. माईकवाल्याने ते वाचून दाखवलं. मॅच संपल्यावर शॉर्टस्टॉप स्कोअरच्या फळ्याकडे बघत उभा राहिला आणि मग टोपी काढून आत गेला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहाला, बेल वाजली. दारात तो होता, उजवा हात गळ्यात अडकवलेल्या पट्टीत.

"कागद पाठवलास का लीगला?"

"अजून नाही. संध्याकाळपर्यंत पाठवायचाय."

"मग बदल. ती हिट होती."

"माझ्या जागेवरून मला एरर वाटली," मी म्हणालो.

तो आत येऊन उभा राहिला. माझ्याकडे बघत राहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, दोन कप आणले. त्याने कप उचलला नाही.

"मी बॉल गुडघ्याखाली टाकायला हवा होता," तो म्हणाला. "कमरेला टाकला. त्याने मारला. त्यात दुसऱ्याचं काय?"

"तुझा अख्खा मोसम कोरा आहे. शेवटचा मोसम. एक बॉल वाकडा उसळला म्हणून..."

"कोरा नाहीये. तू कोरा ठेवलायस."

मी म्हणालो, "मला तुझ्यासाठी काहीतरी करायचं होतं."

"माहितीये. म्हणूनच मी आलो." मग तो म्हणाला, "त्या नऊ दिवसांचं कुठेही काही लिहिलेलं नाही. बरोबर आहे, कारण काही झालंच नाही. ते मी सहन करू शकतो. पण माझ्यासाठी कुणी खोटं लिहिलेलं मला सहन होणार नाही. आणि त्या माणसाच्या नावावर तर नाहीच. तो रोज त्याच शहरात बस चालवतो."

मी कागद काढला. एरर खोडून हिट लिहिलं, बाजूला सही केली. त्याच्या नावापुढे दोन रन लिहिले. मला लाज वाटत होती. ज्या एका कामात माझं मत विचारतात, तिथे मी खोटं बोललो होतो, आणि ज्याच्यासाठी बोललो तोच समोर उभा होता. त्याने वाचून पाहिलं, मान हलवली आणि मग गार झालेला चहा उभ्याउभ्याच पिऊन टाकला.

तो म्हणाला होता की शॉर्टस्टॉपला मीच सांगावं. सोमवारी कामावरून येताना मी मुद्दाम त्याची बस पकडली. शेवटच्या स्टॉपला तो इंजिन बंद करून पाणी पीत होता. मी त्याला बदल सांगितला आणि माफी मागितली.

तो बाटलीचं झाकण लावत म्हणाला, "मला वाटतं ती एररच होती. एक पाऊल पुढे यायला पाहिजे होतं. वीस वर्षांपूर्वी आलो असतो."

"बॉल वाकडा उसळला."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "पण मी उशिराच हललो." मग घड्याळ बघून त्याने दार बंद केलं, कारण निघायची वेळ झाली होती. मी तसाच पहिल्या सीटवर बसून शहरापर्यंत परत आलो. खरं काय होतं ते मला आजही पक्कं माहीत नाही. हिट तशीच राहू दिली.

त्या मोसमानंतर तो खेळला नाही. कोपराचं ऑपरेशन झालं, हात पूर्ण सरळ होत नाही. उमेदवारीची शेवटची परीक्षा तो पास झाला. बायकोला आखनच्या विद्यापीठात काम मिळालं, म्हणून दोघं तिकडे गेली. पहिलं वर्षभर आमचे एकमेकांना मेसेज कमीच होते. त्या रविवारचं काहीतरी मध्ये राहिलं होतं, निदान माझ्या बाजूने. मी स्कोअर लिहीत राहिलो. आता पेन्सिल थांबली की मी आधी माईकवाल्याला सांगतो, थांब जरा, आणि नीट विचार करूनच लिहितो.

गेल्या वसंतात कंपनीच्या कामाने आखनला जावं लागलं, तेव्हा मी त्याला कळवलं. तो म्हणाला, वर्कशॉपवर ये. गेलो तेव्हा तो एका वयस्क बाईंच्या पुढे गुडघे टेकून बसला होता. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढलेला होता आणि नवा पाय पहिल्यांदाच लावलेला. त्या दोन दांड्यांच्या मध्ये उभ्या होत्या. चार पावलं टाकून म्हणाल्या, "ठीक आहे, जमतंय."

"दुखतंय," तो म्हणाला.

"थोडंसं. चालेल."

"कुठे?"

त्यांनी बोटाने जागा दाखवली. त्याने पाय काढला, आतली बाजू अंगठ्याने चाचपली, आत जाऊन घासून आणला, पुन्हा लावला. त्या चालल्या. पुन्हा काढला. असं चार-पाच वेळा झालं. उजवा हात पुरता सरळ होत नसल्यामुळे तो पाय डाव्या काखेत धरून काम करत होता. शेवटी त्या खोलीच्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या आणि दांडी न धरता परत आल्या.  त्याने फक्त वहीत काहीतरी लिहिलं आणि त्यांचा कोट आणायला उठला.

मग त्याने हात धुतले, मला मिठी मारली आणि विचारलं, "आई कशी आहे?" मी सांगितलं की ती जूनमध्ये तीन महिन्यांसाठी येतेय, व्हिसा कालच झाला. तो म्हणाला, मग आम्ही हायडेलबर्गला येतो. आणि ती दोघं खरंच आली. आईला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही. तिने त्याला दोनदा वरण वाढलं, त्याचं कोपर बघितलं आणि मला म्हणाली, "ह्याला विचार, थंडीत दुखतं का." मी विचारलं. तो म्हणाला, "हो, दुखतं." तिने मान डोलावली आणि तेल गरम करायला उठली.